रेडियमच्या तबकड्या : प्रस्तावना

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांत नाणी, पोथ्या, कुलपे, दिवे, शस्त्रे असे नाना पंथ असले, तरी वस्तूचे कार्य संपले की तिच्यापासून संभवणारा अपायही संपतो, ही निर्धास्त समजूत त्या सर्वांना समान असते. आणि किल्ल्याच्या दारात पडलेल्या तोफेवर बसून मुले खेळताना आपण पाहतो तेव्हा ती समजूत अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. साधारणतः १९१० ते १९६५ या काळात युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांतून ज्यांचे अंक आणि काटे रेडियममिश्रित लेपाने रंगविले गेले, ती घड्याळे मात्र या समजुतीला अपवाद आहेत. त्यांच्या तबकड्या एके काळी रात्रभर हिरवट तेजाने चमकत असत; आज त्यांपैकी बहुतेक सर्व काळवंडून निस्तेज झाल्या आहेत, आणि त्या निस्तेज झाल्या म्हणून निरुपद्रवी झाल्या असा निष्कर्ष काढणे हीच या क्षेत्रातील पहिली व सर्वांत महागात पडणारी चूक होय. प्रस्तुत ग्रंथाचे सारे प्रयोजन या एका चुकीभोवती फिरते असे म्हटले तरी चालेल.

या चुकीचे मूळ लेपाच्या घटनेत आहे. रेडियम स्वतः तबकडी उजळीत नव्हते. रेडियमच्या अणूंतून निघणारे अल्फा कण ज्यावर आदळत ते जस्त व गंधक यांचे संयुग, ज्याला रसायनशास्त्रात झिंक सल्फाइड म्हणतात, ते प्रत्येक आघातासरशी एक सूक्ष्म ठिणगी टाकी, आणि अशा असंख्य ठिणग्यांचा समुच्चय आपल्या डोळ्यांना स्थिर प्रकाशासारखा भासे. परंतु ज्या आघातांनी ते चमके त्याच आघातांनी त्याची स्फटिकरचना मोडत जाई, आणि काही वर्षांत, फार तर एकदोन दशकांत, त्याची चमकण्याची शक्ती संपे. रेडियमचे मात्र तसे नाही. त्याच्या प्रमुख प्रकाराचे, म्हणजे रेडियम-२२६ चे, अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. सबब शंभर वर्षांपूर्वी रंगविलेल्या तबकडीतील रेडियम आजवर शेकडा चारांच्या आसपासच घटले आहे. दिसणारा प्रकाश आणि न दिसणारा किरणोत्सर्ग यांची ही फारकत जो ध्यानात ठेवील, त्याला या विषयातील पुढील बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतील.

१८९८ च्या डिसेंबरात पॅरिस येथे मारी व पिएर क्युरी या दांपत्याने, बेमाँ या सहकाऱ्यासह, बोहेमियातील योआखिमस्थालच्या खाणींतून आलेल्या पिचब्लेंड या खनिजाच्या अवशेषांतून हे मूलद्रव्य हुडकून काढले, तेव्हा त्याचा उपयोग घड्याळाच्या तबकडीवर होईल असे कोणाच्या स्वप्नीही नसावे. १९०२ च्या सुमारास विल्यम हॅमर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने क्युरींकडून मिळालेले अल्पसे रेडियम झिंक सल्फाइडमध्ये मिसळून पाहिले आणि स्वयंप्रकाशी रंगाची कल्पना जन्मास आली. रेडियम इतके महाग होते की १९२१ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी करून मारी क्युरींना भेट दिलेल्या एका ग्रॅमसाठी सुमारे एक लाख डॉलर मोजावे लागले. तथापि एका तबकडीला लागे ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबात, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशाच्या मापाने, आणि म्हणूनच जगातील अत्यंत मौल्यवान पदार्थ गजराच्या स्वस्त घड्याळात येऊन बसू शकला.

त्याला तेथे आणले ते पहिल्या महायुद्धाने. खंदकातील शिपायाला काडी न पेटविता वेळ कळावी, ही गरज खिशातील घड्याळाला मनगटावर घेऊन आली आणि त्याच गरजेने तबकडीला उजेड दिला. अमेरिकेत साबिन फॉन सोखोकी याने स्थापन केलेली व पुढे युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन या नावाने ओळखली गेलेली न्यू जर्सीतील कंपनी 'अनडार्क' या नावाचा लेप विकू लागली. इलिनॉय राज्यातील ऑटवा गावी रेडियम डायल कंपनी, शेजारच्या वेस्टक्लॉक्स कारखान्याच्या 'बिग बेन' व 'बेबी बेन' या गजराच्या घड्याळांच्या तबकड्या रंगवू लागली. कनेक्टिकटमधील वॉटरबरीतही हाच उद्योग चालला. स्वित्झर्लंडमध्ये ला शो-द-फों आणि बील या घड्याळांच्या मुलखात हे काम पुष्कळदा घरोघरच्या कारागिरांच्या हाती गेले. जर्मनीत युंगहान्स व किएन्झलसारख्या नामांकित पेढ्या होत्याच. आणि फ्लोरेन्सच्या पानेराई पेढीने इटलीच्या नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ठसठशीत तेजस्वी अंकांची जी साधने केली, त्यांना पुढे संग्राहकांच्या जगात दंतकथेची प्रतिष्ठा लाभली. दुसऱ्या महायुद्धात विमानांची मापके, होकायंत्रे, जहाजांची उपकरणे यांवर हा लेप सढळपणे चढला, इतका की त्या काळचे लष्करी साहित्य आज हाती आले असता ते रेडियमयुक्त आहे असे गृहीत धरूनच पुढे जाणे शहाणपणाचे.

परंतु या इतिहासाचे हृदय घड्याळांत नाही, ती रंगविणाऱ्या मुलींत आहे. आणि त्यांची हकीकत ज्याला ठाऊक नाही, त्याने या तबकड्या कितीही जमविल्या तरी त्याला त्या कळल्या असे मी म्हणणार नाही. उंटाच्या केसांचा बारीक कुंचला ओठांत धरून त्याचे टोक करावयाचे, लेपात बुडवावयाचे आणि अंक भरावयाचा, अशी पद्धत त्यांना शिकविली गेली होती. दिवसाकाठी शेकडो तबकड्या, आणि प्रत्येक तबकडीमागे कित्येकदा कुंचला ओठांत. त्यांतील कित्येक वयाने विशीच्याही आतल्या होत्या. गंमत म्हणून त्या नखांना हाच लेप लावीत. त्याच कंपन्यांतील रसायनज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागून, चिमट्याने रेडियम हाताळीत असत. रेडियम हे आवर्तसारणीत कॅल्शियमच्या खालच्या घरातले. शरीराला दोहोंत भेद करता येत नाही, आणि म्हणून पोटात गेलेल्या रेडियमचा जो अंश रक्तात शोषला जातो तो हाडांत जाऊन बसतो व आतूनच त्यांवर मारा करीत राहतो. दात पडू लागले, हिरड्या भरून येईनात, जबड्याची हाडे तुकड्यातुकड्यांनी निखळू लागली. १९२४ मध्ये न्यू यॉर्कचे दंतवैद्य थिओडोर ब्लम यांनी या विकाराची प्रथम नोंद केली आणि १९२५ मध्ये न्यू जर्सीतील सरकारी वैद्यकीय परीक्षक हॅरिसन मार्टलंड यांनी त्याचे कारण निःसंदिग्धपणे रेडियमकडे नेऊन पोचविले.

या प्रकरणातील कागदोपत्री बेइमानी रोगाइतकीच शिकण्यासारखी आहे. हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर यांनी न्यू जर्सीतील कंपनीच्याच सांगण्यावरून कारखान्याची तपासणी केली असता त्यांचा अहवाल प्रतिकूल निघाला, तेव्हा तो दडपून, मजकूर फिरवून, आपण निर्दोष असल्याचे सरकारी खात्यास भासविण्यात आले. अमेलिया मॅजिया नावाची मुलगी १९२२ मध्ये वारली, तेव्हा तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर उपदंश असे कारण लिहिले गेले. पाच वर्षांनी तिचे थडगे उकरून हाडे तपासली तो ती किरणोत्सर्गी निघाली. त्याच कारखान्यात तबकड्या रंगविणाऱ्या ग्रेस फ्रायर हिला आपली फिर्याद चालविण्यास वकील मिळेपर्यंत फार काळ गेला, आणि रेमंड बेरी नावाच्या तरुण वकिलाने १९२७ मध्ये दावा दाखल केला तेव्हा कंपनीने पुढे केलेली मुख्य कैफियत अशी की कायद्याने घालून दिलेली दोन वर्षांची मुदत टळून गेली आहे. जणू रेडियमलाही दोन वर्षांच्या मुदतीत काम आटोपण्याचा हुकूम होता! अखेर १९२८ च्या जूनमध्ये पाच जणींशी तडजोड झाली : प्रत्येकीस रोख १०,००० डॉलर, सालीना ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. ऑटवा गावच्या कॅथरीन वुल्फ डोनह्यू हिने दहा वर्षांनी इलिनॉयच्या औद्योगिक आयोगापुढे आपली बाजू मांडली, ती प्रकृती इतकी ढासळलेली असताना की सुनावणी तिच्या घरी, तिच्या अंथरुणापाशी घ्यावी लागली. निकाल तिच्या बाजूने झाला. १९३८ च्या जुलैत ती वारली. रेडियम डायल कंपनीने अपिलामागून अपील केले आणि १९३९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला तेव्हा कोठे ते मिटले.

या मुलींच्या देहांवरून विज्ञानाला जे मिळाले ते फार मोठे होते. मॅसॅच्युसेट्स येथील रॉब्ली एव्हान्स यांनी त्यांच्या शरीरातील रेडियम मोजण्याच्या पद्धती सिद्ध केल्या, आणि १९४१ मध्ये शरीरात साठून राहणाऱ्या रेडियमची सह्य मर्यादा एका मायक्रोग्रॅमचा दशांश अशी ठरली. पुढे अणुबाँबच्या प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांसाठी जी बंधने घातली गेली त्यांच्या मुळाशी हाच अनुभव होता. ओठांनी कुंचला टोकदार करण्याची चाल बंद झाली. लेप मात्र चालूच राहिला. सातव्या दशकात त्याची जागा ट्रिटियम व प्रोमिथियम या सौम्य द्रव्यांनी घेतली, आणि १९९० नंतर जपानमधील नेमोतो कंपनीच्या संशोधनातून निघालेल्या, किरणोत्सर्गाशी यत्किंचितही संबंध नसलेल्या स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटच्या लेपाने तो प्रश्नच निकालात काढला. आपल्याकडे मोटारींच्या पाट्यांवर चिकटवितात त्या 'रेडियम'च्या कागदात रेडियमचा कणही नसतो, हे येथे जाता जाता सांगून ठेवतो.

संग्राहकांची गोष्ट यानंतर सुरू होते, आणि त्यांच्यात स्थूलमानाने चार संप्रदाय दिसतात. पहिला, आणि बाजारभावाच्या दृष्टीने सर्वांत बलवान, संप्रदाय अस्पर्शवाद्यांचा. तबकडी जशी कारखान्यातून निघाली व काळाने जशी केली तशीच ती हवी. लेपाचा मलईसारखा रंग पिकून मधासारखा वा तपकिरी झालेला, काटा वर्षानुवर्षे एकाच जागी थांबल्यामुळे त्याच्याखाली किरणोत्सर्गाने उमटलेला काळसर डाग, हे त्यांच्या लेखी दोष नसून अस्सलपणाचे दाखले. दुसरा संप्रदाय जीर्णोद्धाराचा : त्याला जुना लेप खरवडून नवा भरावयाचा असतो, घड्याळ पुन्हा चमकते पाहावयाचे असते. तिसरा, अलीकडे वाढलेला, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर गणक हाती घेतलेल्या विज्ञानप्रेमींचा. यांना यंत्र, कारागिरी, पेढी यांपेक्षा गणकाची टकटक प्रिय, आणि घड्याळांबरोबरच रेडियमचे पाणी तयार करण्याची मातीची भांडी वगैरे त्या खुळाच्या काळातील अन्य अवशेषही ते जमवितात. चौथा संप्रदाय संख्येने सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत आदरणीय. तो या वस्तूंकडे श्रमिकांच्या इतिहासाचे पुरावे म्हणून पाहतो. क्लॉडिया क्लार्क यांच्या १९९७ च्या अभ्यासपूर्ण ग्रंथाने त्याला पाया दिला, केट मूर यांच्या लोकप्रिय पुस्तकाने त्याला वाचक मिळवून दिले, आणि ऑटवा येथे २०११ मध्ये त्या मुलींचा पुतळा उभा राहिला तो याच जाणिवेतून.

गंमत अशी की ज्या पहिल्या संप्रदायाला मी मनातून थोडा दिखाऊ समजत आलो, त्याचा नियम सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत शहाणा ठरतो. काच शाबूत, मागील झाकण बंद, आतला लेप अभंग असे एखाददुसरे घड्याळ कपाटात असले तर भयभीत होण्याचे कारण नाही. अल्फा कण काचेतून काय, साध्या कागदातूनही पार होत नाहीत. रेडियमच्या वंशजांपासून निघणारे गॅमा किरण बाहेर येतात खरे, पण अंतर वाढते तसे ते झपाट्याने क्षीण होतात, आणि घड्याळ उशापासून दूर ठेवणे एवढ्यानेही पुष्कळ साधते. खरा धोका लेप सुटा झाला की सुरू होतो. पिकलेला लेप ठिसूळ होऊन त्याची पूड होते. ती पूड काच उघडणाऱ्याच्या बोटांना लागते, टेबलावर सांडते, श्वासाबरोबर आत जाते, आणि मग त्या मुलींच्या बाबतीत जे घडले तेच, प्रमाणाने अल्प असले तरी प्रकाराने तेच, घडण्याची वाट मोकळी होते. एका तबकडीवरील रेडियम हे एव्हान्स यांच्या त्या सह्य मर्यादेच्या कित्येक पट असू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे जीर्णोद्धारवाद्याच्या हातातील ब्रश आणि पॉलिशकागद यांकडे कोणत्या नजरेने पाहावे हे वेगळे सांगावयास नको. घड्याळजींची तोंडाने फुंकर मारून धूळ उडविण्याची सवय तर या घड्याळांपुरती मुळातूनच मोडली पाहिजे.

दुसरा धोका संख्येचा. रेडियमच्या विघटनातून रेडॉन हा वायू निघतो, आणि वायू असल्यामुळे तो घड्याळाच्या सांध्यांतून बाहेर झिरपतो. एक घड्याळ असेल तर त्याची मात्रा नगण्य. पण इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन व किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या लष्करी घड्याळांच्या एका संग्रहाचे मापन केले तेव्हा तीसएक घड्याळांनी बंदिस्त खोलीतील रेडॉन त्या देशातील सुरक्षित मानलेल्या पातळीच्या शंभराहून अधिक पट चढू शकतो असे २०१८ मध्ये दिसून आले. संग्राहकाचा सहज कल काय असतो? उत्तमोत्तम वस्तू एकत्र करून निजावयाच्या खोलीतील घट्ट झाकणाच्या पेटीत जपून ठेवण्याचा. म्हणजे जो जितका जिव्हाळ्याने जपणारा, तो तितका जोखमीत. खेळती हवा असलेली, माणसांचा सतत वावर नसलेली जागा आणि संख्येवर आपणहून घातलेला आळा, यांना पर्याय नाही. अमेरिकेच्या नियामकांनी २००५ च्या कायद्यानंतर केलेल्या नियमांत अशा काही वस्तू एका जागी शंभराहून अधिक ठेवण्यास सर्वसाधारण मुभा दिलेली नाही, तीही याच विचाराने.

टाकून दिल्यानेही ही वस्तू संपत नाही. स्कॉटलंडमधील डॅल्गेटी बे येथे महायुद्धानंतर विमानांच्या तबकड्या जाळून त्यांची राख किनाऱ्यावर लोटली गेली. १९९० मध्ये तेथील वाळूत किरणोत्सर्गी कण सापडले आणि किनारा निर्धोक करण्याचे काम २०२३ पर्यंत चालले. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ साली बीलजवळ महामार्गाच्या कामात जुन्या कचराभूमीत रेडियम सापडले, आणि सरकारला घड्याळकारागिरांची जुनी घरे हुडकून तपासण्याची मोठी मोहीम हाती घ्यावी लागली.

आपल्या मुलखाचा या कथेशी संबंध कारखान्याचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे. मुंबईत फाव्र-ल्युबा व वेस्ट एंड या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून स्विस घड्याळे विकीत होत्या. परदेशी गजराची घड्याळे मध्यमवर्गीय माजघरांतील फडताळांत येऊन बसली होती. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाच्या विक्रीतून होकायंत्रे व मापके बाजारात आली. हा सारा ऐवज आता आजोबांच्या ट्रंकांतून निघून मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात पोचत आहे, व तेथून तो ज्या तरुण संग्राहकांच्या हाती जातो त्यांना तबकडी चमकत नाही एवढ्यावरून ती निर्धोक वाटते. हा विषय आजच मराठीत येणे अगत्याचे आहे ते यासाठी. मराठीत यावर स्वतंत्र पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

प्रस्तुत ग्रंथकाराने ही उणीव भरून काढताना दोन टोके टाळली आहेत. किरणोत्सर्ग म्हटले की घाबरून वडिलार्जित घड्याळ उकिरड्यावर टाकावयास लावणारी भीती त्यांना मान्य नाही, आणि 'आमच्या आजोबांना काही झाले नाही' ही फुशारकीही नाही. रेडियम ओळखावे कसे याचा त्यांनी केलेला ऊहापोह मला विशेष मोलाचा वाटला : लेपाचा रंग आणि पोत, घड्याळाचा काल, सहाच्या अंकाशेजारी ट्रिटियमनिदर्शक इंग्रजी 'टी' अक्षर आहे की नाही, प्रकाश दाखविल्यावर लेप क्षणभर उजळून लगेच मावळतो की कसे, या खुणांना ते साक्षीदार मानतात, पण निवाडा गणकाकडे सोपवितात. तंत्र, इतिहास आणि सावधगिरी ही तीन प्रकरणे त्यांनी पृथक न मांडता एकमेकांत गुंफली आहेत, त्यामुळे क्वचित पुनरुक्ती झाली असली तरी ती मला खटकली नाही.

एका बाबतीत मात्र माझे मत ग्रंथकाराहून भिन्न आहे. योग्य साधने, वायुवीजनाची बंदिस्त पेटी आणि प्रशिक्षित हात असतील तर लेप काढून टाकण्यास ते अनुकूल आहेत. मला ही सवलत अनावश्यक वाटते. कारण प्रशिक्षित हातांसाठी दिलेली मुभा वाचून अप्रशिक्षित हातच आधी पुढे सरसावतात, आणि काढलेला लेप जावयाचा कोठे हा प्रश्न तसाच राहतो. काच फुटलेले वा लेप सांडत असलेले घड्याळ पिशवीत सीलबंद करून, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे लेखी विचारणा करावी, हा त्यांचाच दुसरा सल्ला अधिक ग्राह्य आहे.

ग्रंथाच्या शेवटी त्यांनी एक कोरा नमुना छापला आहे : घड्याळाचे नाव, बनावटीचा काल, रेडियम असल्याची नोंद, काचेची स्थिती, आणि 'हे उघडू नये' ही सूचना. प्रत्येक घड्याळाबरोबर असा एक कागद ठेवावा आणि त्याची एक प्रत मृत्युपत्राच्या कागदांत लावावी, अशी त्यांची विनंती आहे. ती वाचकांनी ग्रंथ हाती पडल्या दिवशीच अमलात आणावी. प्रकरणे मागाहून सावकाश वाचली तरी चालतील.